प्रत

मोहाडीच्या शेडमध्ये माझ्या गळ्यात
दोरीला बांधलेली एक प्लास्टिकची पट्टी असते.
तिला पाच भोकं:
सोळा, अठरा, वीस, बावीस, आणि एक फुटकं.
मणी अठरातून पडला की लोकल,
अडकला की बोटीवर.
मार्चमध्ये तर मी झोपेतही
लोकांची नाकं मोजते.

संध्याकाळी गंगापूर रोडला,
मंगल कार्यालयामागच्या पत्र्याखाली
दहा मीटरवर कागद टांगलेला.
त्यातलं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर.
एवढा मणी आमच्याकडे
बेदाण्यालाही घेत नाहीत.

शिकले ते उसन्या पिस्तुलावर.
उसनं म्हणजे दुसऱ्याच्या तळहाताचा खड्डा
आपल्या मुठीत भरायचा,
वर त्याचे आभार मानायचे.
जर्मन पिस्तूल दीड लाखाचं.
कुसुम गायखे म्हणाली, एवढ्यात दहा शेळ्या येतात,
आणि त्या दूधही देतात.

मग कळलं, देवळाली कॅम्पात, सॅनिटोरियमच्या गल्लीत
फ्रेडून मास्तर एक नक्कल काढतायत.
हुबेहूब तेच. मूठ तीच, नळी तेवढीच,
फक्त ज्या कारखान्यानं केलं
तो आधी कुलपं करायचा.
पैसे नकोत म्हणाले.
कॅमेरा असेल तर बोल.

कॅमेरा होता. अण्णांचा, दोन डोळ्यांचा.
नाशिकरोडच्या निम्म्या नवरदेवांना
त्यानंच पहिल्यांदा हसवलेलं.
तोही जपानी, जर्मनाची नक्कल.
अण्णा हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचे
आणि दोन रुपये कमी घ्यायचे.

व्हरांड्यात वेताच्या टेबलावर
दोन वस्तू समोरासमोर ठेवल्या,
स्थळ बघायला आल्यासारख्या.
आधी मी बोलले:
एक-पंधरावर शटर अडकतं, थंडीत जास्त.
मास्तर म्हणाले:
याचा वायसर हवा सोडतो,
अन् छर्रा खाली डावीकडे जातो, दर वेळी,
मी मारला तरी, तू मारला तरी.
मग दोघंही गप्प.
आतून पेरीनबाईंनी विचारलं,
ठरला काय? चाय टाकू?

मास्तरांचा हात आता थरथरतो.
कॅमेरा पोटाशी धरायचा असतो ना,
पोट नाही थरथरत, ते म्हणाले,
आणि वाकून वरच्या काचेत
कितीतरी वेळ बघत राहिले.
मी रिकामं पिस्तूल उचलून
भिंतीवरच्या खिळ्याकडे धरलं होतं.
‘काचेत तू डावरी दिसतेस, बोरस्ते.’
आत रोल नव्हता.
तरी त्यांनी बटण दाबलं.
अडकलं.
‘बरोबर,’ म्हणाले, चांगलेच खूश होऊन,
‘तू बोललीस तसंच.’

बसमध्ये कंडक्टरनं पिशवीला बोट लावलं,
काय आहे?
म्हटलं, ड्रिल मशीन.
द्वारका येईपर्यंत ते माझ्या मांडीवर
कुणाचंच नसल्यासारखं पडून होतं.

शेडवर साहेब विचारतात, प्रत कशी आहे?
झेरॉक्सवाला विचारतो, प्रती किती?
इतकी वर्षं मी दोघांना
वेगवेगळी उत्तरं देत आले.

दुसऱ्या दिवशी पहिले पाच छर्रे.
दहाला एकही नाही.
सात, सात, सहा, सात, सात,
सगळे खाली, सगळे डावीकडे,
सांगितल्याप्रमाणे.
कागद उतरवून आणला.
गळ्यातली पट्टी काढायची
सकाळपासून राहूनच गेली होती.
अठराचं भोक त्या भोकांवर ठेवलं.

पाचही आत.